घरच्या चार कामांसाठी करवत घ्यायचीय? मायटर बॉक्स, फ्रेमची करवत की मशीन. पैसे घालण्याआधी हे वाचा

ग्रामीण प्रतिनिधी : खिडकीच्या जाळीची चौकट निखळते, देवघराची पट्टी पडते, फोटोची फ्रेम उखडते, कोंबड्यांच्या खुराड्याला नवीन दार लागतं. शेतकऱ्याच्या घरी अशी लाकडाची चार-पाच कामं वर्षभरात निघतातच. एवढ्याशा कामाला सुतार मिळणं आता अवघड झालंय. मिळाला तरी त्याची मोठी कामं आधी, आपलं छोटं काम नंतर. तालुक्याला लाकूड घेऊन जावं, तर जाण्या-येण्याचं भाडं कामापेक्षा जास्त होतं. म्हणून अनेक जण मोबाईलवर करवती बघायला लागतात आणि तिथं गोंधळ उडतो. हात करवत, मायटर बॉक्स, फ्रेमची मायटर करवत, जपानी करवत, विजेची मायटर मशीन, अशी यादीच समोर येते. फोटोत सगळंच चांगलं दिसतं.

यातलं काय कोणत्या कामाचं, घेताना काय तपासायचं आणि कुठं पैसे वाया जातात, ते इथं एकत्र दिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. कोपरा बरोबर जुळतो तो महाग करवतीमुळे नाही. तो जुळतो बरोबर मापामुळे, पात्याला सरळ धरणाऱ्या खाचेमुळे आणि धार असलेल्या दातांमुळे. या तीन गोष्टी कमी पैशातही मिळतात.

मायटर म्हणजे काय?

दोन पट्ट्यांची टोकं तिरकी कापून काटकोनात जोडली, की त्या जोडाला मायटर म्हणतात. फोटो फ्रेमचा कोपरा बघा. कोपऱ्यातून आत तिरकी रेघ गेलेली दिसते. तिथं दोन्ही पट्ट्या ४५-४५ अंशांत कापलेल्या असतात. दोन्ही मिळून ९० अंश, म्हणजे काटकोन होतो. अशा कोपऱ्यात पट्टीचं कापलेलं टोक बाहेर दिसत नाही, म्हणून काम देखणं दिसतं.

असा तिरका काप नुसत्या हातानं सरळ येणं कठीण. म्हणून करवतीच्या पात्याला धरून ठेवणारी वस्तू लागते. तोच मायटर बॉक्स किंवा मायटर करवत.

आधी स्वतःला विचारा, हे लागतं का?

दुकानदार हा प्रश्न विचारणार नाही, म्हणून आपणच विचारायचा. शेतावरच्या बहुतेक कामांना मायटर लागतच नाही. गोठ्याचं दावण, खुराडं, शेडची वासे-पट्टी, मांडवाचे खांब, पाण्याच्या टाकीखालचा लाकडी ठोकळा, या सगळ्याला सरळ ९० अंशांचा काप पुरतो. दाराची चौकटही मायटरवर उभी राहत नाही. तिला एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून जोड करतात, कारण तिथं वजन येतं.

मायटर लागतो तो देखण्या आणि हलक्या कामाला. फोटो फ्रेम, आरशाची फ्रेम, खिडकीच्या जाळीची चौकट, दाराभोवतीची नक्षीची पट्टी, देवघराची किनार, चौरंगाच्या कडेची पट्टी. अशी कामं वर्षात एक-दोनच असतील तर खर्च तेवढाच ठेवा. गावात कुणाकडे मायटर बॉक्स असेल तर मागून आणा. ही रोज लागणारी वस्तू नाही.

पाच पर्याय, पाच कामं

१. साधी हात करवत. लांब, रुंद पात्याची, एका टोकाला मूठ. पातं साधारण १८ ते २२ इंच. फळी कापायची, वासा कापायचा, प्लायवूडचा मोठा तुकडा काढायचा तर हीच. पातं रुंद असल्यामुळे ती बऱ्यापैकी सरळ चालते. घरात एकच करवत ठेवायची असेल तर ही ठेवा. पण बारीक फ्रेमच्या पट्टीला ती जड आणि दाती पडते.

२. पाठीची करवत. हिच्या पात्याच्या वरच्या कडेला लोखंडाची किंवा पितळेची जाड पट्टी असते. त्यामुळे पातळ पातंही वाकत नाही. लांबी १० ते १४ इंच. कुसू काढायला, बारीक पट्टी कापायला आणि मायटर बॉक्समध्ये वापरायला ही उत्तम. पण पाठीच्या पट्टीमुळे ती लाकडात एका मर्यादेपर्यंतच खाली उतरते. तीन-चार इंचांपेक्षा जाड लाकूड तिच्यानं पार होत नाही.

३. मायटर बॉक्स. वर उघडी असलेली लांबट पेटी. दोन्ही भिंतींना ९० आणि ४५ अंशांच्या खाचा असतात. पट्टी पेटीत धरायची, करवत खाचेत घालायची आणि चालवायची. बाजारात प्लास्टिकचा, लाकडाचा आणि ॲल्युमिनियमचा मिळतो. बरेचदा पाठीच्या करवतीसोबत सेटमध्ये येतो. अधूनमधून काम करणाऱ्याला हाच सेट सगळ्यात परवडतो.

४. फ्रेमची मायटर करवत. लोखंडी बैठक, त्यावर दोन उभे दांडे आणि त्या दांड्यांत बसलेली धनुष्यासारखी ताणलेली पात्याची करवत. बैठकीवर अंशांच्या खुणा असतात. खटका दाबून ९०, ४५, ३६, ३०, २२.५ अशा कोनांत करवत फिरवता येते. काप स्वच्छ येतो, हात भरकटत नाही. फ्रेम बनवण्याचं काम नेहमी येत असेल, विकायला चार फ्रेम करायच्या असतील, तर ही घ्यावी. मायटर बॉक्सपेक्षा महाग, मशीनपेक्षा स्वस्त.

५. विजेची मायटर मशीन. गोल पातं, मोटर, झटक्यात काप. रोज पन्नास काप करणाऱ्या सुताराला ती परवडते. आपल्याला तिच्यात तीन अडचणी आहेत. पहिली, हजारांत पैसे जातात आणि मशीन वर्षभर पडून राहते. दुसरी, दहा इंची पात्याची मशीन साधारण दीड ते दोन हजार वॅट ओढते. शेतातल्या जुन्या वायरिंगवर, लांब वायर ओढून ती चालवली तर वायर तापते. तिसरी, ती बोट क्षणात नेते. हात करवतीनं चूक झाली तर जखम होते, मशीननं झाली तर बोटच जातं.

जपानी पद्धतीची ओढ करवतही आता ऑनलाईन दिसते. ही ढकलताना नाही, ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते खूप पातळ ठेवता येतं आणि काप बारीक येतो. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या सुतारांच्या करवतीही अनेक ठिकाणी ओढतानाच कापायच्या. मात्र हिचं पातं नाजूक असतं. वाळलेल्या बाभळीत जोर लावला तर दात तुटतो.

दातांचा हिशोब समजून घ्या

करवतीवर एक आकडा छापलेला असतो. ८ टीपीआय, ११ टीपीआय, १४ टीपीआय असा. टीपीआय म्हणजे एका इंचात किती दात. एवढं समजलं तरी निम्मी खरेदी जमली.

दात कमी, म्हणजे दात मोठे. काप भराभर होतो, पण कडा फाटतात. दात जास्त, म्हणजे दात बारीक. काप सावकाश होतो, पण गुळगुळीत येतो.

- ७ ते ८ टीपीआय : वासा, जाड फळी, ओबडधोबड काम.
- १० ते १२ टीपीआय : घरातलं सर्वसाधारण काम, प्लायवूड, पट्ट्या.
- १२ ते १६ टीपीआय : फ्रेम, मायटर, देखणं काम.

सोपा नियम असा, की कापायच्या लाकडाच्या जाडीत करवतीचे निदान तीन दात एकाच वेळी बसले पाहिजेत. पट्टी अर्धा इंच जाड असेल आणि करवत १२ टीपीआयची, तर सहा दात बसतात. ठीक आहे. पण ३ मिमीच्या पातळ प्लायला ८ टीपीआयची करवत लावली तर एकच दात बसतो. मग करवत अडकते, उडते आणि प्लाय फाटतो.

दुसरं, दात जवळून बघा. एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे वाकवलेला असतो. त्यामुळे कापाची फट पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि करवत लाकडात आवळत नाही. हे वाकणं दोन्हीकडे सारखं नसेल तर करवत एका बाजूला पळते. पातं डोळ्यासमोर धरून, मुठीकडून टोकाकडे बघितलं की दातांच्या दोन सरळ रांगा दिसल्या पाहिजेत. पातं वाकडं असेल तर तेही याच वेळी कळतं.

धार लावता येते का, हे विचारा

गावात राहणाऱ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच विचारायचा राहतो.

बाजारात आता बहुतेक करवतींच्या दातांची टोकं कडक केलेली असतात. अशा दातांची टोकं निळसर-काळी दिसतात, बाकी पातं पांढरं चकचकीत. ही धार बराच काळ टिकते. पण एकदा गेली की गेली. कानस त्या दातावरून नुसती घसरते, घासली जात नाही. म्हणजे करवत बोथट झाली की टाकायची.

दुसऱ्या प्रकारात दात साध्या पोलादाचे असतात. त्यांची धार लवकर जाते, पण तिकोनी कानस घेऊन ती घरी किंवा सुताराकडे पुन्हा लावता येते. अशी करवत नीट वापरली तर पिढीभर चालते.

मग कोणती घ्यायची? गावात धार लावणारा सुतार असेल, किंवा स्वतः कानस धरायची तयारी असेल, तर साध्या दातांची घ्या. जवळपास कुणीच नसेल आणि वर्षात चारच कामं असतील, तर कडक दातांची घेतली तरी चालेल. त्या वापरात ती बरीच वर्षं पुरते. फ्रेमच्या मायटर करवतीचं पातं बदलता येतं. पण ती घेताना सुटं पातं वेगळं मिळतं का आणि कुठं मिळतं, हे आधी पक्कं करा. पातं मिळत नसेल तर उरलेली सगळी बैठक भंगारात जाते.

मायटर बॉक्स घेताना चार गोष्टी तपासा

आतली रुंदी आणि उंची. फोटोत बॉक्स मोठा दिसतो, घरी आल्यावर त्यात दोन इंची पट्टीच बसते. मोबाईलवर घेत असाल तर आतलं माप वाचा, बाहेरचं नाही. आपल्या घरच्या पट्टीची रुंदी आधी टेपनं मोजा. चार इंच आतली रुंदी असेल तर घरची बहुतेक कामं होतात.

करवतीची लांबी. ४५ अंशांत करवत तिरकी जाते, म्हणून तिला जास्त अंतर पार करावं लागतं. चार इंच रुंदीच्या बॉक्समध्ये तिरकं अंतर साडेपाच इंचांच्या पुढं जातं. करवत दहा इंचांची असेल तर पुढं-मागं हलवायला फार थोडी जागा उरते. अशा बॉक्सला १२ ते १४ इंची करवत बरी.

खाच सैल आहे का. करवत खाचेत घालून डावी-उजवीकडे हलवून बघा. पातं सहज सरकलं पाहिजे, पण डुलता कामा नये. दोन्ही खाचांत मिळून पातं २ मिमी हललं, तरी चार इंची बॉक्समध्ये जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो.

कोन खरा आहे का. दुकानात गुण्या मागा आणि ९० च्या खाचेला लावून बघा. ४५ साठी वहीचा कोरा कागद पुरतो. कागदाची आखूड कड लांब कडेवर नेमकी बसेल अशी घडी घाला. घडीची रेघ ४५ अंशांची असते. ती बॉक्सच्या भिंतीला लावून खाचेशी जुळवा.

एक अंशानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. हिशोब करून बघा. चौकटीला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात दोन काप, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एक अंशानं चुकला तर एका कोपऱ्यात दोन अंश आणि चारही कोपऱ्यांत मिळून आठ अंशांची चूक होते. दोन इंची पट्टीच्या कोपऱ्यात दोन अंशांची फट म्हणजे जवळपास अडीच मिमी. ती लपत नाही. तीन कोपरे ओढून-ताणून जुळवले, तर सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन बसते.

घरी मायटर बॉक्स करता येतो

पैसे वाचवायचे असतील तर हा उपाय चांगला आहे. १८ मिमी प्लायवूडचे किंवा सरळ फळीचे तीन तुकडे घ्या. लांबी साधारण १६ ते १८ इंच. एक तुकडा तळाला, दोन तुकडे दोन्ही बाजूंना भिंत म्हणून. फेव्हिकॉल आणि स्क्रूनं पक्के करा. खाचा जिथं येणार तिथं स्क्रू मारू नका, नाहीतर करवतीचे दात जातील. भिंती तळाशी काटकोनात आहेत का, हे गुण्या लावून बघा.

आता पेटीची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. समजा ती साडेपाच इंच आली. एका भिंतीच्या वरच्या कडेवर एक खूण करा. तिथून बरोबर साडेपाच इंचांवर दुसरी खूण करा. दोन्ही खुणा गुण्या लावून समोरच्या भिंतीवर न्या. चार खुणांचा चौरस तयार झाला. चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी तिरकी रेघ ४५ अंशांचीच असते. एक तिरकी रेघ डावीकडे झुकणारी, एक उजवीकडे. दोन्ही लागतात. शेवटी गुण्यानं एक सरळ ९० ची रेघ घ्या.

या रेघांवर आपल्याच करवतीनं, भिंतीवरून तळापर्यंत, सावकाश खाचा पाडा. खाच त्याच करवतीनं पडली, म्हणून ती करवतीच्या मापाचीच होते आणि पातं डुलत नाही. तळाच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेला एक पट्टी ठोका. ती टेबलाच्या किंवा ओट्याच्या कडेला अडकते आणि काम करताना पेटी सरकत नाही. खाचा झिजल्या की नवीन पेटी करायची.

कापताना

पट्टी पेटीच्या पलीकडच्या भिंतीला घट्ट दाबा. जमलं तर सी क्लॅम्पनं आवळा. पट्टीखाली टाकाऊ फळीचा तुकडा ठेवा, म्हणजे खालची कड फाटत नाही आणि पेटीचा तळही खात नाही. पेन्सिल बारीक टोकाची घ्या. रेघेवर करवत ठेवू नका, टाकायच्या बाजूनं रेघेला चिकटून ठेवा. करवतीची स्वतःची जाडी लाकूड खाते, हे लक्षात ठेवा.

सुरुवातीला दोन-तीन वेळा हलक्या हातानं उलटी फिरवून खोबण पाडा, मग लांब हात मारा. करवतीवर दाब देऊ नका. धार असेल तर करवत तिच्या वजनानंच उतरते. दाब द्यावा लागत असेल तर धार गेली आहे, असं समजा. शेवटच्या अर्ध्या इंचात हात हळू करा आणि कापून पडणारा तुकडा हातानं धरा.

चौकटीत समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. कोन बरोबर असूनही कोपरा जुळत नसेल तर बहुतेक वेळा लांबीतच फरक असतो. पहिली पट्टी कापून झाली की तिच्या मापानं पेटीत किंवा टेबलावर एक ठोकळा अडवणीला लावा. दुसरी पट्टी त्याला टेकवून कापा. टेपनं पुन्हा मोजण्यापेक्षा हे पक्कं.

९० चा काप खरा आला का, हे बघायची युक्ती सोपी आहे. पट्टी कापा. दोन्ही तुकडे सपाट जागेवर ठेवा, त्यातला एक उलटा करा आणि कापलेली टोकं पुन्हा जुळवा. फट दिसली नाही तर काप खरा. दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसते, म्हणून लगेच कळते.

माप आणि कोनाचा हिशोब

जाळीची चौकट बाहेरून ३६ बाय २४ इंच हवी असेल, तर ३६ इंचांच्या दोन आणि २४ इंचांच्या दोन पट्ट्या लागतात. हे माप पट्टीच्या बाहेरच्या, लांब कडेवर धरायचं. बेरीज १२० इंच, म्हणजे १० फूट. बाजारातून ११ फूट आणा. पहिल्या टोकाचा काप, करवतीचा भुसा आणि एखादा बिघडलेला तुकडा यात फूटभर जातं.

आतलं माप ठरलेलं असेल तर त्यात पट्टीची रुंदी दोनदा मिळवायची. आतली जागा १२ बाय १५ इंच आणि पट्टी एक इंची असेल, तर बाहेरचं माप १४ बाय १७. काच बसायला मागून खाच असलेली पट्टी असेल तर काचेचं माप खाचेपासून धरायचं.

चौकोन सोडून दुसरा आकार करायचा असेल तर १८० ला बाजूंच्या संख्येनं भागा. तेवढ्या अंशांत काप घ्यायचा.

- चार बाजू : ४५ अंश
- पाच बाजू : ३६ अंश
- सहा बाजू : ३० अंश
- आठ बाजू : २२.५ अंश

फ्रेमच्या करवतीवर हेच आकडे का असतात, ते आता लक्षात येईल. साध्या बॉक्सला बहुधा ९० आणि ४५ एवढंच असतं. घरच्या कामाला तेवढं पुरतं.

लाकूडही बघावं लागतं

ओल्या लाकडात करवत आवळते आणि कापलेला कोन वाळल्यावर उघडतो. फ्रेमची पट्टी वाळलेलीच घ्या. साग कापायला सोपा आणि कमी हलणारा. वाळलेली बाभूळ कडक, तिच्यात बारीक दात लवकर बोथट होतात. सुबाभूळ आणि निलगिरी वाळताना वाकतात किंवा फुटतात, देखण्या कोपऱ्याला त्या नकोत.

जुन्या वाड्याचं किंवा मोडक्या दाराचं सागवान वापरत असाल तर आधी खिळे शोधा. तुटका खिळा वरून दिसत नाही आणि एकाच हातात दहा दात घेऊन जातो. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लाकडावरून फिरवा, खिळा असेल तिथं ते ओढलं जातं. पाईप किंवा लोखंडी पट्टी लाकडाच्या करवतीनं कापू नका, त्यासाठी हॅकसॉ ठेवा.

आणि घरात करवत आली म्हणून बांधावरचं कोणतंही झाड तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडणे विनियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. वनविभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करा. वखारीतून लाकूड घेतलं तर पावती जपून ठेवा.

कोपरा टिकायला हवा

मायटरच्या जोडात लाकडाचं कापलेलं टोक टोकाला चिकटतं. अशी टोकं फेव्हिकॉल पिऊन टाकतात, म्हणून नुसत्या चिकटवलेल्या कोपऱ्यात फारसा जोर नसतो. आधी टोकांना पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. चौकट आवळायला खास शिकंजा लागतोच असं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून चौकटीभोवती ताणून गुंडाळा, चारही कोपरे सारखे दाबले जातात. दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. रात्रभर तसंच ठेवा. नंतर प्रत्येक कोपऱ्यात बारीक खिळा किंवा मागून एल पट्टी मारा. खिळ्याआधी बारीक भोक पाडलं तर लाकूड फुटत नाही.

सांभाळणं आणि जपणं

करवत बोथट होते त्याच्या आधी ती बहुधा गंजते. पावसाळ्यापूर्वी पातं कोरडं पुसून त्यावर मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. दातांवर जुन्या पाईपची उभी चीर दिलेली नळी बसवा, म्हणजे दातही जपले जातात आणि बोटंही. करवत कोपऱ्यात उभी टेकवून ठेवू नका, पातं वाकतं. खिळ्याला टांगा, मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच.

काम करताना लाकूड धरलेला हात करवतीच्या रेषेत नको. डोळ्याला चष्मा, तोंडाला रुमाल असू द्या. गंजक्या दातानं जखम झाली तर हळद लावून विषय संपवू नका. जखम साबण-पाण्यानं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं

- फक्त शेतावरची, गोठ्याची कामं : ८ ते १० टीपीआयची एक हात करवत आणि एक गुण्या. मायटरवर खर्च नको.
- वर्षात दोन-चार फ्रेम किंवा पट्ट्यांची कामं : १२ ते १४ टीपीआयची पाठीची करवत आणि मायटर बॉक्स, विकतचा किंवा घरी केलेला.
- फ्रेम नेहमी करायच्या, चार पैसेही मिळवायचे : फ्रेमची मायटर करवत. सुटं पातं मिळतं का बघूनच.
- रोजचा सुतारकामाचा धंदा : विजेची मशीन. वायरिंग आणि अर्थिंग नीट करून, कुणाकडून तरी वापर शिकून घेऊन.

पैसे घालण्याचा क्रमही हाच ठेवा. आधी गुण्या, मग धार असलेली करवत, मग बॉक्स. गुण्या नसताना घेतलेली महाग करवतसुद्धा वाकडंच कापते. खरेदीला जाताना घरच्या पट्टीचा एक वीतभर तुकडा पिशवीत टाका. तो दुकानातल्या बॉक्समध्ये धरून, एक काप घेऊन बघा आणि मगच पैसे द्या. जो दुकानदार काप घेऊ देत नाही, त्याच्याकडून घ्यायची घाई करू नका.